उजवा हात सरांचा

सोलोच्या आधीच्या रविवारी माझ्या उजव्या हातानं माझ्या आईच्या थोबाडीत मारली.

'माझ्या उजव्या हातानं' असं मी मुद्दाम लिहिते आहे, 'मी मारली' असं लिहायची माझी तयारी नाही. मी गॅससमोर उभी राहून चिमट्यात धरून भाकरी फुगवत होते. आई डावीकडून आली, "अगं, करपाय लागली," म्हणत तिनं चिमट्याला हात घातला, आणि माझा हात चिमटा सोडून फाडकन डावीकडं गेला. तिचा चष्मा उडून पिठाच्या डब्यात पडला. ओठ दातावर आपटून फुटला. मारून झाल्यावर हात मुकाट्यानं परत आला आणि चिमटा जिथं होता तिथं, हवेत, बोटं वळवून थांबला.

आमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाणी गाळून प्यायचं, झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन परसात सोडून यायचं. त्या घरात आई हनुवटीला पदर लावून उभी होती आणि पदर लाल होत होता.

"काय चुकलं गं माझं?" तिनं विचारलं.

तिनं रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. त्या दिवसापासून ती माझ्या उजव्या बाजूला, तो हात जात नव्हता त्या बाजूला, बसायला लागली.

हे कसं झालं ते सांगायचं तर हस्तकाबद्दल सांगायला हवं. हस्तक म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंतची एक काळी, घट्ट बाही. पुण्याच्या कंपनीनं फार विचार करून हे नाव ठेवलं. हाताचं यंत्र म्हणून हस्तक. हस्तक म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यावर काळी कामं करणारा माणूस, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आपला हात हलतो तो मज्जातंतूंतून स्नायूंपर्यंत पोचणाऱ्या बारीकशा विजेमुळं. ही वीज कातडीवरून मोजता येते, आणि तशीच वीज कातडीवरून देताही येते. दिली की स्नायू आवळतो, तुमची इच्छा असो वा नसो. आमच्या शिरटेक माळावरच्या फ्लाइंग स्कूलचे मुख्य प्रशिक्षक, स्क्वाड्रन लीडर घोरपडे सर, ही बाही उजव्या हातात घालून दोन वर्षं उडाले, आणि शिकवलंही तिच्यासकट. विमानाचा वेग किती, उंची किती, वारा कुठला, आणि त्या क्षणी सरांचा कुठला स्नायू किती आवळला, हे सगळं यंत्रानं साठवलं. मग तशीच बाही विद्यार्थ्याच्या हातात घालायची. तसाच प्रसंग आला की तेच स्नायू, तेवढेच आवळायचे. पहिल्यांदा गंमत वाटते, आपला हात आपल्यादेखत स्वतःच शहाण्यासारखा वागतो. शंभरेक तासांनी बाही काढली तरी हात तसाच वागतो, कारण हालचाल पहिल्यांदा कुणी सुरू केली हे मेंदू विचारत बसत नाही. जे वारंवार होतं ते तो आपलं मानतो. वर्षाचं शिक्षण चार महिन्यांत व्हायला लागलं आणि सरकार इतकं खूश झालं की सोलोलासुद्धा, म्हणजे विद्यार्थ्याच्या पहिल्या एकट्याच्या फेरीलासुद्धा, हस्तक सक्तीचा केला. प्रशिक्षक उतरेल, पण त्याचा हात तुमच्या हातात राहील.

आता सरांची एक सवय होती. सर मारायचे. ते उजव्या सीटवर, विद्यार्थी डावीकडं. दोघांच्याही गुडघ्यांमध्ये विमान वळवायचा एकेक दांडा, म्हणजे स्टिक. स्टिकवर विद्यार्थ्यानं गडबड केली की सरांचा उजवा हात त्यांच्या स्टिकवरून सुटायचा, डावीकडं जाऊन फटकन विद्यार्थ्याच्या मनगटावर बसायचा, आणि परत जाग्यावर. वायुदलात त्यांना असंच शिकवलं होतं म्हणे. बाहीनं तेही टिपलं. शिकवणं कुठं संपलं आणि मारणं कुठं सुरू झालं, हे यंत्राला कळत नव्हतं. सरांनाही कळत नव्हतं, मग यंत्राला काय दोष द्यायचा!

सोमवारी मी सरांना आईचं सांगितलं. ते हसले.

"मगदूम, म्हणजे हात तयार झाला तुझा! आता तुला सोलोला सोडायला हरकत नाही."

इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. कंपनीचा इंजिनीअर सलील निमकर तिथंच होता. तो बिचारा घाबरला. "आपण ती हालचाल काढून टाकू. पण महिनाभर जाईल. तोवर सोलो थांबवायचा का, त्रिशलाताई?"

महिनाभर थांबले तर आमची मुलींची बॅच पुढं जाणार आणि माझी जागा दुसरीला जाणार. आणि मला उडायचं होतं. सहावीत असताना उसाच्या फडावरून जाणारं पिवळं विमान बघितलं तेव्हापासून मला दुसरं काही नकोच होतं.

"थांबायचं न्हाई," मी म्हणाले.

सोलोच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. निमकरनं बाही चढवली, बकलं आवळली आणि हुकमाचे शब्द माझ्याकडून म्हणवून घेतले. विमानात ताबा कुणाकडं, हे तोंडानं सांगायचं असतं. आमच्या बाहीत दोन शब्द भरले होते. 'घेतो' म्हटलं की ताबा गुरूकडं, म्हणजे हस्तकाकडं. 'घेते' म्हटलं की ताबा विद्यार्थिनीकडं. आवाज ओळखायच्या भानगडीत यंत्र पडत नसे, घाबरल्यावर माणसाचा आवाज ओळखू येत नाही म्हणून. ते फक्त शब्द बघायचं. बाप्या माणसाचा 'घेतो', बाईमाणसाचा 'घेते', इतकं सोपं! निमकर सदाशिव पेठेतला. तिथं ते सोपंच आहे.

"घेते," मी शाळेतल्यासारखं स्पष्ट म्हणाले. बाहीवरचा दिवा हिरवा झाला.

सर उजव्या सीटवरून उतरले, रिकाम्या सीटचे पट्टे त्यांनी स्वतः आवळून बांधले. "एक फेरी. वर, वळ, वळ, खाली. कुणाला काही दाखवायला जाऊ नकोस," म्हणाले, आणि कॅनॉपीवर, डोक्यावरच्या काचेच्या झाकणावर, दोन थापा मारून बाजूला झाले. त्यांच्या हातात रेडिओ होता.

मी डाव्या हातानं थ्रॉटल, मोटारीचा जोर वाढवायचा दांडा, पुढं सारला. आमचं विमान बॅटरीवरचं, मोटार नुसती घोंगावते. सरांचं नव्वद किलो वजन नव्हतं, त्यामुळं ते मला कळायच्या आत जमिनीवरून सुटलं. धावपट्टी खाली गेली, शिरटेकची टाकी खाली गेली, आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. वरून नदीचं वळण दिसत होतं. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. बाहीनं एकदाही टोचलं नाही. मला वाटलं, बघा, जमतंय. माझं मलाच जमतंय.

धावपट्टीला समांतर जाताना डाव्या पंखाखाली पोल्ट्रीचा उकिरडा असतो. त्याच्यावर घारी फिरतात, आम्हाला ते माहीत असतं, आम्ही बघत असतो. ही एक वरून आली. मला फक्त तिचं पोट दिसलं.

समोरची काच फुटली. फुटली म्हणजे आत आली. माझ्या कपाळावर, गालावर, दातांवर काहीतरी आदळलं आणि वारा तोंडात घुसला. घार माझ्या खांद्याला घासून उजव्या सीटवर पडली होती आणि जिवंत होती. तिचा एक पंख मुळातून उपटून लोंबत होता आणि दुसरा ती आपटत होती, पट्ट्यांवर, पॅनेलवर, माझ्या दंडावर. रक्त सगळीकडं उडत होतं. कुठलं तिचं आणि कुठलं माझं ते कळत नव्हतं. विमानाचं नाक वर गेलं होतं आणि वेग पडत होता.

अशा वेळी ताबा आपल्याकडं आहे हे मोठ्यानं सांगायचं, म्हणजे हात गडबडत नाहीत. शंभर वेळा घोकलेलं. मी ओरडले, "घेतो!"

आता हे पुणेकरांना समजावून सांगायला हवं. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी गेलो', 'मी आलो', 'मी घेतो' असंच म्हणतात. माझी आजी तशीच बोलायची, आई तशीच बोलते. लिहिताना मी 'गेले' लिहिते, परीक्षेत 'घेते' म्हणते. पण तोंडात काचेचे तुकडे असताना माणूस परीक्षेतलं बोलत नाही.

दिवा लाल झाला. गुरूचा शब्द ऐकून गुरूचा हात जागा झाला.

त्यानं पहिलं काम अगदी बरोबर केलं. स्टिक पुढं ढकलली, नाक खाली घेतलं, वेग सावरला. सर असते तर त्यांनीही तेच केलं असतं. मग मी थ्रॉटल वाढवायला डावा हात पुढं नेला. फुटक्या काचेतून वारा कोंडला की विमान जड होतं, मोटारीचा जोर हवाच असतो. यंत्राला मात्र इतकंच कळलं की ताबा गुरूकडं असताना विद्यार्थी हात लावतोय.

उजवा हात स्टिक सोडून डावीकडं गेला आणि माझ्याच डाव्या हातावर बसला.

सरांच्या हिशेबानं तिथं विद्यार्थ्याचं मनगट असायला हवं. माझ्या बाबतीत तिथं माझी बोटं होती आणि बोटांखाली थ्रॉटलचा लोखंडी दांडा. करंगळी मोडल्याचा आवाज मी वाऱ्यातसुद्धा ऐकला. दांडा सटकन मागं आला आणि मोटार थांबल्यात जमा झाली. उजवा हात परत स्टिकवर, जसं काही झालंच नाही.

"मगदूम! काय झालं? पॉवर का काढलीस?" कानात सर ओरडत होते.

"घेतो! मी घेतो! घेतो की!" मी किंचाळत होते, आणि प्रत्येक 'घेतो'ला बाही आणखी घट्ट होत होती.

मी पुन्हा थ्रॉटलला हात घातला. पुन्हा बसली. या वेळी शेजारचं बोट गेलं. मी शिव्या दिल्या, ज्या आमच्या घरात कुणी उच्चारल्या नाहीत. तिसऱ्यांदा मी वाकून कोपरानं थ्रॉटल ढकलायला गेले तर उघडा पंजा मध्ये आलेल्या माझ्या तोंडावर, फुटलेल्या ओठावरच बसला. शेजारी घारीनं पंख आपटणं थांबवलं होतं. ती एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. खाली ऊस होता, आणि तो मोठा होत चालला होता.

"हाताला विरोध करू नकोस!" सर सांगत होते. "सोड त्याच्यावर. माझा हात आहे तो, तो उतरवेल!"

मोटार बंद पाडून, वारा कोंडून, तो कुठं उतरवणार होता? सरांना दिसत नव्हतं आणि हाताला तर डोळेच नव्हते. तो सरांच्या वजनाचं, धड काचेचं विमान उतरवत होता. माझं विमान वेगळं होतं.

मग माझं लक्ष त्या लाल दिव्याकडं गेलं, आणि मी काय ओरडत होते ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. मी तोंडातलं रक्त थुंकलं. जीभ दातांमागं नेऊन, शाळेतल्या बाईंसमोर म्हणावं तसं, म्हणाले, "घेते."

दिवा हिरवा झाला आणि बाही सैल पडली. मी रडायलाच लागले. मोडक्या बोटांनी थ्रॉटलकडं वळले, आणि उजवा हात सुटला आणि बसला.

वीज बंद होती. दिवा हिरवा होता. तरीही बसला. बाहीनं सोडलं होतं, पण हातानं सोडलं नव्हतं. तो आता कुणाच्या हुकमाची वाट बघत नव्हता, गॅससमोर नव्हती बघितली तशीच.

तेव्हा मला त्या हाताचा जो राग आला तो मी सांगू शकत नाही. मी तो तोंडाशी ओढला आणि मनगटावर, बाही संपते तिथं, दात रोवले. कातडी फाटेपर्यंत रोवले. त्याला झटका बसला, बोटं उघडली. मी तो मांडीखाली घातला आणि पट्टा आवळून वर सगळं अंग टाकून बसले. तो खाली धडपडत होता. माझाच हात माझ्याच मांडीखाली धडपडतोय, मला ढकलतोय, हे ज्यानं भोगलं नाही त्याला कळणार नाही.

राहिला डावा. तो अडाणी. त्याच्यावर कधी बाही चढली नव्हती, त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, तो नुसता थ्रॉटल मागंपुढं करायचा. मी त्याच्या अंगठ्यानं थ्रॉटल पुढं सारला, पूर्ण, अडकेपर्यंत. मोटार घोंगावली. मग तोच हात काढून गुडघ्यांमधल्या स्टिकवर नेला आणि अंगठा आणि धड राहिलेल्या दोन बोटांत स्टिक धरली.

शाळकरी पोरानं पहिल्यांदा मोठ्यांची सायकल हाणावी तसं ते विमान चाललं. धावपट्टीकडं वळवायला मी डावीकडं घेतलं तर जास्त गेलं, उजवीकडं घेतलं तर आणखी जास्त. उसाचे तुरे चाकांना लागले. कुंपणाची तार खालून गेली. धावपट्टीवर आल्यावर मी थ्रॉटल ओढला, आणि विमान काही केल्या खाली बसेना. हलकं होतं ना, तरंगत राहिलं. मांडीखालचा हात उसळला, त्याला आत्ताच्या आत्ता स्टिक ओढायची होती, सर याच उंचीवर ओढायचे. ओढली असती तर हलकं विमान परत वर गेलं असतं. मी ओढली नाही. डावा हात थांबला. त्याला माहीत नव्हतं म्हणून थांबला म्हणा, पण थांबला. आणि विमान बसलं.

बसलं, उडालं, परत आपटलं. पुढचं चाक मोडलं, पंखा मातीत घुसून तुटला, आम्ही गोल फिरून गवतात थांबलो. शेजारची घार मेली होती. मी तिच्यासाठी नवकार मंत्र म्हणायला लागले आणि मध्येच विसरले.

सर पळत आले, मागून निमकर. सरांनी कॅनॉपी उपटल्यासारखी उघडली, माझे पट्टे सोडवले, काखेत हात घालून मला बाहेर ओढलं. आधी त्यांनी मला चाचपून बघितलं, मग घार बघितली, मग मोडलेलं चाक, मग माझ्या मनगटावरचे दात.

"हात का सोडवलास? माझा हात होता तो! आणलं असतं त्यानं तुला!" आणि सटकन माझ्या गालावर बसली.

काळजीनं बसली हे मला कळलं. साठीचा माणूस धावपट्टीभर पळत आला होता. तरीही मी उजव्या हातानं बुक्की मारली. सर गवतात बसले. त्यांच्या नाकातून धार लागली आणि पांढरा शर्ट पोटापर्यंत भिजला.

निमकर मध्ये आला, माझी बाही तपासली. "बंद आहे," तो म्हणाला. "पण... हात सवयीनं जाऊ शकतो. तिच्या आईच्या वेळेसारखा."

सरांनी नाकाला रुमाल दाबला. "तसंच आहे ते. निमकर, पोरीनं मारलेलं नाही. माझाच हात फिरून माझ्यावर आला. रिपोर्टमध्ये तसंच घाला, तिला काही होता कामा नये."

निमकरला हायसं वाटलेलं दिसलं. "तसंच घालतो. विद्यार्थिनीनं प्रशिक्षकावर हात उचलला असं गेलं, तर ताई, तुम्हाला देशात कुठं परवाना मिळणार नाही. तुम्ही फक्त काही बोलू नका."

दोघं माझ्याकडं मायेनं बघत होते. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले की बोटं जुळल्यावर दुसरं विमान, आणि पुन्हा आभाळ. मला ते हवंच होतं. पण ही बुक्की सरांची ठरली, तर आत्ता धावपट्टीवर विमान उतरवलं ते कुणी? पुढं मी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला, कुणाच्या तोंडात घास घातला, तर तो कुणाचा?

"सर," मी म्हणाले, "तुमचा हात डावीकडं जातोय. पंजा उघडा असतोय. ही सरळ गेली, मूठ आवळून गेली. तुमी कधी कुणाला मुठीनं मारलाय?"

सरांनी उजवी मूठ वळून बघितली. रुमालातून रक्त गळत होतं. "नाही," ते शेवटी म्हणाले. "मुठीनं कधीच नाही."

"मग ही तुमची न्हवं. निमकरसाहेब, लिवा. मी मारलो."

"ताई, परवाना—"

"लिवा की."

निमकरनं सरांकडं बघितलं. तीस वर्षं वायुदलात काढून पुस्तकी मराठी बोलणारे, पण मूळचे आमच्याकडचेच घोरपडे सर गवतातून उठले, माझ्या डाव्या हाताची सुजलेली बोटं बघून म्हणाले, "लिव बाबा. तीच मारली." मग विमानाकडं मान करून, "आणि हे बी तीच उतरवली, हे बी लिव."

ॲम्ब्युलन्स माळाच्या दुसऱ्या टोकाला थांबली होती. डाव्या हाताला लोंबकळत ठेवलं की कळ डोक्यात जायची, म्हणून मी तो उजव्या हातात धरला आणि चालायला लागले. उजव्यानं त्याला काही केलं नाही.